भैरोबाचं माप

भैरोबाचं नाक माझ्यामुळे चेपलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ते दोन वर्षांपूर्वीच्या यात्रेत चेपलं. त्या वेळी मी देवळामागे भेळ खात होतो आणि याला भेळवाल्यासह तीन साक्षीदार आहेत.

गावाने चांदीचा नवा मुखवटा केला, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. देव म्हणजे मुळात तांदळा. कुणी न घडवलेला, गुडघ्याच्या वर येईल एवढा उभा दगड, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने माखलेला. यात्रेच्या दिवशी त्यावर मुखवटा चढतो, मग देवाला डोळे आणि मिशा येतात आणि बघणाऱ्याला धाक येतो. पूर्वी पितळेचा पातळ मुखवटा होता. तो फडक्याने बांधायचे, कुणाची तक्रार नव्हती. पुढे गावाला चांदी सुचली. पितळी मुखवटा मोडून घंटा केली आणि नवा घडवणाऱ्या कारागिराला देवाचा फोटो मोबाईलवर पाठवला. समोरून काढलेला. फोटोत देव सपाट येतो, ही गोष्ट पंचवीस जणांच्या समितीत कुणाच्याच लक्षात आली नाही. कारागिराने इमानाने डावी-उजवी बाजू सारखी असलेला देखणा चेहरा घडवून दिला. आमचा देव मात्र डाव्या गालाला फुगलेला, उजव्या गालाला बसका आणि कपाळाशी जरा पुढे झुकलेला आहे. थोडक्यात, गावातल्या बहुतेक कर्त्या पुरुषांसारखा.

त्यामुळे मुखवटा देवाला दोन ठिकाणी टेकायचा आणि बाकी सगळीकडे अधांतरी राहायचा. त्या वर्षीच्या यात्रेत ऐन आरतीला डीजेने पहिला दणका दिला आणि देवाचा चेहरा निघाला. आसाराम गुरवाने तो वरच्यावर झेलला, पण झेलताझेलता नाक समईवर आपटलं. हे सगळं कुणीतरी मोबाईलवर थेट दाखवत होतं. शेजारच्या गावातून रात्रीपर्यंत विचारपूस चालू होती.

पुढच्या फाल्गुनात नव्या यात्रेची मीटिंग झाली. मी गहू न्यायला म्हणून रविवारी नगरहून गावी आलो होतो आणि सावलीला म्हणून देवळात बसलो होतो. चेअरमन भिमाजी बोलायला उभे राहिले. ते सोसायटीचे चेअरमन होते त्याला बारा वर्षं झाली, पण आमच्याकडे माणूस एकदा चेअरमन झाला की तो उतरत नाही.

"औंदा मुखवटा पडला न्हाई पायजे," चेअरमन म्हणाले. "आपला अजिनाथ फरशीचं काम करतोय. ग्राइंडर हाय त्याच्याकडं. देवाच्या डाव्या गालावर आन् कपाळाला सूत-सूत घासलं, का बसला मुखवटा चपखल."

सभामंडपात कबुतरं सोडून सगळे गुरवाकडे वळले. आसाराम गुरव खांबाला टेकून वाती वळत होता, तो हातातली वात घेऊनच उभा राहिला.

"देव घासायचा?"

"सूतभर."

"चेअरमन, टोपी बसंना झाली तर तुमी डोकं घासता का?"

"टोपी चांदीची नसती, आसाराम. ही मोडून पुन्ना घडवायला कोन बसलाय? गाव एकदा उत्साहात येतंय. दुसऱ्यांदा न्हाई येत."

लोक हसले, पण चेअरमनचं म्हणणं त्यांना पटलेलं दिसत होतं. आसाराम हसला नाही. "सात पिढ्या आमच्या घरानं ह्यो गाल पुसलाय," तो म्हणाला आणि मग त्याने सगळ्या मंडपातून नेमकं माझ्याकडे पाहिलं.

इथे एक खुलासा करणं भाग आहे. गाव मला इंजिनिअर समजतं. मी नगरच्या एका तंत्रनिकेतनात आहे हे खरं. पण मी शिष्यवृत्तीच्या टेबलावर आहे. एकोणीस वर्षं मी विद्यार्थ्यांच्या अर्जांवर 'त्रुटी' असा शेरा मारतो आणि ते परत करतो. मी इंजिनिअर आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. कुणी मोटर दाखवली तर मी तिच्याभोवती एक चक्कर मारतो आणि 'बेअरिंग असेल' म्हणतो. बऱ्याचदा ते बेअरिंगच असतं.

तर आसारामने पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, दगडाला हात लावायची गरजच काय? दोघांच्या मध्ये बसेल अशी एक गादी करायची. आतून देवासारखी, बाहेरून मुखवट्याच्या आतल्या बाजूसारखी. कॅडमध्ये दोन मिनिटांचं काम आहे."

कॅड हा शब्द माझ्या तोंडी कसा आला? माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे कॅडची प्रयोगशाळा आहे. एकोणीस वर्षं तो शब्द भिंतीतून झिरपतो आहे.

"क्याट?" चेअरमन.

"कॅड. वस्तू आधी संगणकावर काढतात. मग मशीन तशीच्या तशी बनवून देतं."

ताबडतोब ठराव झाला. यात्रेच्या दिवशी सकाळी आठ वाजता मुखवटा चढवून बघायचा. बसला तर बसला. नाही बसला तर अजिनाथने ग्राइंडर घेऊन तयार राहायचं. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'सदर कामी इंजिनिअर रामहरी यांनी स्वखुशीने जबाबदारी घेतली.'

निघताना आसारामने माझं गव्हाचं पोतं स्वतः उचलून स्कूटरवर ठेवलं, दोरी आवळली आणि हात जोडून एवढंच म्हणाला, "हात लावू देऊ नका, रामहरीभाऊ."

घरी येऊन मी धनश्रीला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. "दोन मिनिटांचं काम आहे ना," ती म्हणाली, "मग चहा घेऊन बसा. झालं की सांगा, गिरणीत जायचंय."

खालच्या मजल्यावर उत्तमराव राहतात. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा माणूस जगातल्या सैल झालेल्या प्रत्येक वस्तूवर अधिकारवाणीने बोलतो. "कॅडबिड काही नको. सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला आणि वरून एम-सील."

"देव आहे तो, उत्तमराव."

"मग दोन डबे घाला. बरं, माप तरी आहे का? मापाशिवाय काय करणार? ठसा घ्या आधी. कणकेचा."

हा सल्ला मला शास्त्रीय वाटला, ही माझी चूक. पुढच्या रविवारी मी दोन किलो भिजवलेली कणीक घेऊन गावी गेलो आणि देवाच्या डाव्या गालाचा सुबक ठसा घेतला. तो ठसा स्कूटरच्या डिकीत ठेवून भर दुपारी अडतीस किलोमीटर आणला. घरी डिकी उघडली तेव्हा गालाला पापुद्रा सुटला होता आणि तो पुरीसारखा टम्म फुगला होता. धनश्रीने तो कोपऱ्यावरच्या गाईला घातला. ही गोष्ट गावात कळणार नाही याची मी आजवर काळजी घेतली आहे.

मग मात्र मी भिंतीपलीकडे गेलो.

कॅड शिकवतात त्या आरती मॅडम. वय माझ्याएवढंच, बोलणं मोजकं, चष्मा नाकाच्या टोकावर. मी सगळा प्रकार सांगितला. त्या हसल्या नाहीत, आणि तिथेच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्या म्हणाल्या, "शिकावं लागेल. तीन ते पाच, पहिल्या वर्षाबरोबर बसा."

मी पहिल्या वर्षाबरोबर बसलो. वर्गात साठ मुलं होती, त्यांपैकी चाळीस जणांचे अर्ज माझ्या टेबलावरून कधी ना कधी परत गेलेले होते. माझ्या पहिल्याच आकृतीत रेघ रेघेला मिळाली नाही आणि पडद्यावर लाल अक्षरांत संदेश आला. शेजारची मुलगी वाकून बघत अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, त्रुटी आहे." मागच्या तीन बाकांवर एकदम खोकला आला.

आरती मॅडमनी मला फक्त दोन गोष्टी शिकवल्या असं मी म्हणेन. बाकीच्या शिकवल्या, पण मला त्या आल्या नाहीत.

पहिली अशी. "एक वस्तू दुसरीत बसवायची असेल तर दोघींचे पृष्ठभाग वेगवेगळे काढायचे नाहीत. एकीचा काढायचा, तोच उचलायचा आणि त्यानेच दुसरी कापायची. दोन्ही बाजू एकाच पृष्ठभागापासून जन्मल्या तरच जुळतात. वेगवेगळ्या काढून जुळतील अशी आशा धरणं याला डिझाइन म्हणत नाहीत."

मला आमच्या लग्नाची आठवण झाली. तिथे पत्रिका वेगवेगळ्या काढून जुळवल्या होत्या. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जमले. उरलेल्या आठांवर आम्ही सव्वीस वर्षं काम करतो आहोत.

दुसरी गोष्ट, "फट ठेवा. पडद्यावर तंतोतंत जुळलेलं हातात आलं की जात नाही. गेलंच तर येत नाही."

ही दुसरी गोष्ट मी वहीत लिहून घेतली. लिहून घेतलेल्या गोष्टीकडे पुन्हा पाहायचं नसतं, हा नोकरीतला नियम आहे.

आता माप. मॅडम म्हणाल्या, मोबाईलवर देवाचे सगळ्या बाजूंनी शंभरेक फोटो काढा, त्यातून संगणक त्याचा आकार उभा करतो. मी काढले. संगणकाने उभा केलेला आकार वितळलेल्या मेणबत्तीसारखा होता. "चकाकतंय," मॅडम म्हणाल्या. "चकाकणाऱ्या वस्तूचं माप येत नाही. अंगावर एखादी बारीक पूड टाकावी लागेल, जिला चमक नाही अशी."

हे गुरवाला कसं सांगावं या काळजीत मी गावी गेलो. शब्द जुळवत म्हटलं, "आसाराम, आरती मॅडमनी सांगितलंय, देवाच्या अंगावर पूड टाकावी लागेल."

"आरतीच्या आधी का मागून?"

"आरती नाही, मॅडम. काळी किंवा पांढरी, कसलीही बारीक पूड."

"बुक्का चालंल का?" असं म्हणून त्याने उत्तराची वाट न बघता देवाच्या अंगावर ओंजळभर बुक्का उधळला. "ह्याला कशाला परवानगी मागता, हे तर रोजचंच हाय." देव क्षणात मखमलीसारखा मंद काळा झाला. मी एकशे चाळीस फोटो काढले. तोवर देवळात गर्दी जमली होती. इंजिनिअर साहेब देवाचं माप घेतायत ही बातमी वाडी-वस्तीवर गेली होती आणि बायका लेकरांना दाखवायला घेऊन आल्या होत्या.

मुखवट्याचं माप घेणं याहून अवघड गेलं, कारण मुखवटा चेअरमनांच्या कपाटात असतो आणि चेअरमन त्याला एकटा सोडत नाहीत. ते त्याला टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, जीपने थेट तंत्रनिकेतनात आले. फाटकावरच्या रखवालदाराने वहीत नोंद केली, 'चेहरा, चांदीचा, नग एक, नाकास पोचा.' पोचा आधीपासून आहे हे त्याने लिहून घेतलं, हे बरं झालं. चेअरमन दोन तास प्रयोगशाळेत बसले. जाताना म्हणाले, "मशीन झकास हाय. पर अजिनाथला सांगून ठेवलंय हां मी."

आता वस्तू थ्रीडी यंत्रावर प्लास्टिकमध्ये छापून घ्यायची. छापण्याचं यंत्र संस्थेचं असल्याने 'बाह्य काम मागणी अर्ज' भरावा लागतो. मी अर्ज भरणाऱ्यांच्या नव्हे, परत करणाऱ्यांच्या बाजूचा माणूस, त्यामुळे जरा ऐटीतच भरला. लाभार्थीचे नाव: श्री काळभैरवनाथ. वय: अनादी. व्यवसाय: ग्रामदैवत. तीन दिवसांनी अर्ज परत आला. कोपऱ्यात शेरा होता, 'त्रुटी. लाभार्थीची सही नाही.'

आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द दुसऱ्या बाजूने वाचला. मला तो फार उद्धट वाटला.

अर्ज घेऊन गावी गेलो. आसारामने हात धुतले, अर्ज देवाच्या पायाशी ठेवून उचलला आणि सही केली, 'देवाकरिता, आ. गुरव'. अर्ज पुन्हा गेला, पुन्हा आला. 'देवाकरिता' सही करण्याचं अधिकारपत्र हवं होतं. ते समितीच्या ठरावाने मिळालं. या सगळ्यात पंधरा दिवस गेले.

पहिली गादी छापून आली ती सुपारीएवढी होती. फोटोवरून उभ्या केलेल्या आकाराला स्वतःचं माप नसतं, ते आपण सांगायचं असतं, आणि मी ते सांगताना मिलिमीटर आणि इंचांत गोंधळ केला होता. उत्तमरावांनी ती चिमटीत धरून उजेडात पाहिली. "काम सफाईदार आहे. कुकरच्या शिट्टीवर बसवता येईल."

दुसरी मात्र बरोबर आली. पांढरी, दणकट, आतून खोलगट, बाहेरून फुगीर, कलिंगडाच्या जाड फोडीसारखी. मी तिच्या आतून हात फिरवला आणि बोटांना देवाचा फुगीर डावा गाल कळला.  संगणकावर देवाचाच पृष्ठभाग उचलून मी ती कापली होती, कुठेही केसभर अंतर न ठेवता.

यात्रेला चार दिवस होते. मी गादी घेऊन गावी गेलो, आसारामने गाभाऱ्यात दिवा वर धरला आणि मी गादी देवाच्या तोंडाशी नेली.

बसली नाही. सहज बोट जाईल एवढी बाहेर राहिली. मी फिरवून पाहिली, दाबून पाहिली, 'बेअरिंग असेल' एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं.

"असं कसं होईल? माप बरोबर आहे. आसाराम, देव काही वाढत नाही."

आसारामने दिवा खाली ठेवला. "तुमी फोटू काढून गेला ना, त्याच्या मागं अमावस्या आली. गाव म्हन्लं, देव शिनला आसंल, शेंदूर चढवू. मंग दर रविवारी चढवला. तुमी माप घेतल्यापासून लोकांची भक्ती लई वाढलीय हो."

"किती चढवला?"

"पातळच. आसंल की करंगळीएवढा."

"मग तो खरवडून..."

"न्हाई." हे त्याने ज्या आवाजात म्हटलं तो मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. "आंगावरचं काढायचं नसतं. देवानं सोडलं तर सोडलं. आपन नखसुद्धा लावायचं न्हाई. खरवडायचंच आसतं तर अजिनाथ काय वाईट हुता?"

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसलो. मांडीवर ती पांढरी गादी, समोर देव, आणि चार दिवसांनी सकाळी आठ वाजता ग्राइंडर. आणि मग जे एकोणीस वर्षं म्हटलं नव्हतं ते मी म्हटलं. "आसाराम, मी इंजिनिअर नाही. मी कारकून आहे. मला यातलं काही कळत नाही."

"म्हाईत हाय," आसाराम म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"आमच्या दिशाचा स्कॉलरशिपचा फॉर्म तुमीच भरून दिल्ता न्हवं का? टेबलावरची पाटी वाचली की मी तवा." तो शांतपणे वात पुढे सारत होता. "तिचा फॉर्म तीनदा वरून माघारी आला. तुमी चवथ्यांदा भरला. पोरगी शिकली. मीटिंगीत मी तुमच्याकडं बघितलं ते काय इंजनेर म्हनून व्हय? ह्यो मानूस माघारी आलेल्या कामाला पुन्ना बसतोय, म्हनून बघितलं."

 मला कुणी असं कधी म्हटलेलं नव्हतं, आणि ज्यांनी म्हणायला हवं होतं त्यांनी गहू निवडले होते.

मग आसाराम म्हणाला, "एक इचारू का? दगड मूळचा खाचखळग्याचाच हाय. ते खळगं आमी शेंदरानंच बुजवत आलोय. तुमच्या ह्या गादीत शेंदरापुरती जागा ठेवा ना. मऊ शेंदूर आत भरायचा आन् दाबायचं. जिथं जेवढा लागंल तेवढा तो आपला आपन बसंल."

मी तिथूनच आरती मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  "फट ठेवा म्हणून मी दुसरं काय सांगत होते?" त्या म्हणाल्या. "त्यांना माझा नमस्कार सांगा. पंधरा मिलिमीटर ठेवा देवाच्या बाजूला."

पुन्हा अर्ज करायला वेळ नव्हता. पण इथे मी कारकून असल्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. त्याच जुन्या अर्जावर मी लाल शाईने 'त्रुटी पूर्ततेसह फेरसादर' असा शेरा मारला. हा शेरा वाचून आजवर कुणीही कुठलाही कागद परत केलेला नाही. यंत्र त्याच दुपारी सुरू झालं. देवाच्या बाजूला मी पंधरा मिलिमीटर फट ठेवली. मुखवट्याच्या बाजूला शून्य. तिथे चांदी होती, चांदीवर कुणी शेंदूर चढवत नाही आणि माझं माप अचूक होतं. एका बाजूला तरी ते अचूक आहे हे जगाला दिसावं असं मला वाटलं.

यात्रेच्या दिवशी सकाळी आठला मंडप भरला होता. धनश्री आली होती. उत्तमरावही आले होते, त्यांच्या खिशात सायकलची ट्यूब होती हे मला स्पष्ट दिसत होतं. अजिनाथ खांबापाशी ग्राइंडर घेऊन बसला होता आणि त्याने वायर बोर्डात खुपसूनही ठेवली होती. चेअरमन मुखवटा मांडीवर घेऊन बसले होते.

आसारामने शेंदूर तेलात आणि थोड्या मेणात कोमट करून मळला होता. तो त्याने गादीच्या आत बोटांनी सारखा पसरला, देवाला नमस्कार केला आणि दोन्ही तळहातांनी गादी दाबली. कडेने शेंदराची बारीक लड बाहेर आली. त्याने ती अंगठ्याने निपटली, हात काढले. गादी जागेवर राहिली. मग त्याने चेअरमनांकडे हात केला. मुखवटा आला. तो वरून खाली सरकवत त्याने शेवटचा हलका दाब दिला.

टक्.

बारीकच आवाज झाला, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. चेअरमन पुढे आले. त्यांनी मुखवटा उजवीकडून हलवला, डावीकडून हलवला, खालून उचलला. मग ते दारात जाऊन डीजेवाल्या वाल्मिकला म्हणाले, "लाव." वाल्मिकने लावलं. मंडपाच्या पत्र्याचे स्क्रू थरथरले, कबुतरं गावाबाहेर गेली, उत्तमरावांचा चष्मा नाकावरून घसरला. देवाची मिशी हलली नाही.

चेअरमनांनी टोपी काढली. "अजिनाथ, वायर गुंडाळ."

"मंग मी जिलबी खाऊ का?" अजिनाथने विचारलं, आणि गाव जे ओरडलं त्याला मी माझा आयुष्यातला पहिला जयजयकार समजतो, जरी नाव भैरोबाचं घेतलं गेलं. मला फेटा बांधला, शाल दिली, आणि माईकवरून 'महाराष्ट्राचे थोर इंजिनिअर' अशी घोषणा झाली. मी आसारामकडे पाहिलं. तो उपरण्याच्या टोकाने, मुखवट्याच्या कडेला दगड उघडा राहिला होता तेवढाच, पुसत होता. त्याचे डोळे भरले होते.

गोष्ट इथे संपवली असती तर ती माझ्या फार सोयीची झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखवटा उतरवायचा होता. आसारामने दोन्ही हातांनी ओढला. निघाला नाही. चेअरमनांनी ओढला, मग दोन पैलवानांनी मिळून. देव बसला होता तसाच बघत राहिला. गावात लगेच बातमी फिरली की देवाला चेहरा आवडला आणि तो सोडत नाही. बायका ओटी घेऊन निघाल्या. मी बाहेर जाऊन आरती मॅडमना फोन केला.

"मुखवट्याच्या बाजूला किती फट ठेवली होती?"

"शून्य."

"मग नापास," त्या म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

आत आलो तर चेअरमन घामाघूम होते. चांदी देवळात उघडी ठेवता येत नाही, ती कपाटातच गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो रास्त होता. "मंग ती प्लास्टिकची गादीच कापायची का मधून?" ते म्हणाले, आणि त्यांची नजर सावकाश अजिनाथकडे गेली. अजिनाथ उठला. "आनू का?" आसाराम देव आणि अजिनाथ यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. ग्राइंडरचं पातं गादी कापून कुठे थांबेल हे कोण सांगणार होतं?

"अहो, सरका बरं सगळे," धनश्री म्हणाली.

ती आमच्या मागेच उभी होती, पदर खोचून. "स्टीलच्या पेल्यात पेला अडकतो तेव्हा कुणी करवत आणतं का? बाहेरच्यावर कोमट पाणी ओतायचं. आसारामभाऊ, चूल पेटलीय का? जास्त कढत नको, प्लास्टिक आहे आत."

पाणी आलं. तिने तांब्याने कपाळापासून हनुवटीपर्यंत संथ धार धरली, जणू देवाला न्हाऊ घालत होती. दुसऱ्या तांब्याला मुखवट्याच्या आतून एक सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला. तिने दोन बोटांनी मिशीच्या टोकाला धरून मुखवटा अलगद काढला आणि चेअरमनांच्या हातात दिला. गादी देवाला तशीच चिकटून होती. शेंदूर तसूभर हलला नव्हता.

"पुसून ठेवा," ती म्हणाली. "ओला ठेवलात तर डाग पडतील."

आमच्या गावात जे एकदा घडतं ती घटना असते आणि जे देवासमोर घडतं ती प्रथा होते. त्याच दुपारच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की इथून पुढे दरसाल यात्रेच्या दुसऱ्या दिवशी 'मुखवटा उतरवणी' होईल. देवाला कोमट पाणी घालण्याचा मान सौ. धनश्रीबाई यांच्या घराण्याकडे, वंशपरंपरेने. आसारामने सूचना मांडली, चेअरमनांनी अनुमोदन दिलं, अजिनाथने टाळी वाजवली. फळ्यावर तसं रंगवलंही आहे. त्याखाली थोड्या लहान अक्षरांत दुसरी ओळ आहे, 'बादली धरण्याचा मान: त्यांचे यजमान.'

यंदा दुसरी उतरवणी झाली. पाच गावांची माणसं बघायला आली होती. बादली घ्यायला तीन-चार जण पुढे झाले, उत्तमरावांनी तर कडीला हातही घातला. मी ती कुणाला धरू दिली नाही.